व्हर्च्युअल लॅबमधून भौतिकशास्त्र : सीमाभागातल्या मराठी शाळांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलांतली मुलं, त्यांचे पालक आणि विज्ञान शिकवणारे सहकारी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लिहिताना आठवी ते दहावी आणि पीयूसीची (अकरावी-बारावीची) दोन वर्षं डोळ्यांसमोर ठेवली आहेत. हल्याळ, कारवार, बिदर, भालकीकडच्या शाळांनाही ती लागू पडतील. सगळी पानं एका दमात वाचायची गरज नाही. आपल्याला अडलेला प्रश्न शोधा आणि तिथून सुरुवात करा.

व्हर्च्युअल लॅब म्हणजे प्रयोगाचा व्हिडिओच ना?

नाही. व्हिडिओत प्रयोग दुसऱ्याने केलेला असतो आणि आपण बघत बसतो. व्हर्च्युअल लॅबमध्ये बॅटरी, वायर, बल्ब, स्विच पडद्यावर एका बाजूला ठेवलेले असतात. ते ओढून आणायचे, जोडायचे, चुकलं तर सोडवायचे, हे सगळं मुलानेच करायचं असतं. ९ व्होल्टची बॅटरी आणि १० ओहमचा रोध जोडला की अ‍ॅमीटर ०.९ अँपिअर दाखवतो. त्याच रोधाच्या पुढे तसाच दुसरा रोध एकसर जोडला की ०.४५ वर येतो, आणि दोन्ही समांतर जोडले की १.८ वर जातो. हे आकडे कुणी आधी रेकॉर्ड करून ठेवलेले नसतात. आत ओहमचा नियम चालू असतो आणि आपण जे जोडू त्याचं उत्तर तो तिथल्या तिथे देतो. म्हणून पुस्तकात नसलेली जोडणी करून बघता येते, आणि खरी गंमत तिथेच आहे.

ही कुठे मिळते? पैसे भरावे लागतात का?

शाळेच्या कामाला पुरतील अशा दोन जागा आहेत आणि दोन्ही फुकट आहेत.

पहिली फेट (PhET). अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या शाखेत हा प्रकल्प २००२ मध्ये सुरू झाला. सुरू करणारे कार्ल वीमन यांना त्याच्या आदल्या वर्षी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. फेटमध्ये ठरावीक कृती नसते. सामान समोर ठेवलेलं असतं आणि तुम्ही काय करता हे तुमच्यावर सोडलेलं असतं.

दुसरी ओलॅब्स (OLabs). ही आपल्या देशातली. केंद्र सरकारच्या मदतीने अमृता विश्वविद्यापीठम आणि सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था यांनी नववी ते बारावीच्या प्रयोगांसाठी ती तयार केली. इथे प्रत्येक प्रयोगाला सिद्धांत, कृती, अ‍ॅनिमेशन, सिम्युलेटर, आणि शेवटी वायव्हाचे प्रश्न अशी मांडणी आहे. दहावीचे ओहमचा नियम, रोधांची जोडणी, काचेच्या ठोकळ्यातून प्रकाशाचं अपवर्तन, अंतर्गोल आरशाचं नाभीय अंतर हे प्रयोग जवळपास पाठ्यपुस्तकाच्या शब्दांतच सापडतात.

माझं मत विचाराल तर संकल्पना समजून घ्यायला फेट आणि परीक्षेआधी प्रयोगाची उजळणी करायला ओलॅब्स. उलट क्रमाने गेलात तर मूल कृती पाठ करतं आणि प्रश्न विचारायचं राहून जातं.

मराठीत आहे का? आमचं पुस्तक कर्नाटकाचं, यूट्यूबवरचं मराठी सगळं महाराष्ट्र बोर्डाचं.

फेटची बरीच सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, मराठीत आहेत, ओलॅब्सवरही मराठीचा पर्याय दिलेला आहे. बोर्डाची काळजी इथे फारशी करू नका. कर्नाटकाची विज्ञानाची वरच्या इयत्तांची पुस्तकं एनसीईआरटीच्या धर्तीवर आहेत आणि लंबक काही बोर्ड बघून हलत नाही. एखाद्या ठिकाणी पुस्तकात एक संज्ञा आणि पडद्यावर दुसरी दिसेल. वहीच्या मागच्या पानावर दोन्ही समोरासमोर लिहून ठेवा. दहावीच्या मुलांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. एकदा मराठीत प्रयोग नीट कळला की तेच सिम्युलेशन भाषा बदलून इंग्रजीत उघडा. पुढच्या जूनमध्ये पीयूसी सायन्सच्या वर्गात बसाल तेव्हा सगळं इंग्रजीतून अंगावर येतं. चित्र ओळखीचं असलं की शब्दांची भीती पुष्कळ कमी होते.

आमच्याकडे कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला नेट मिळत नाही, पावसाळ्यात लाईटही टिकत नाही. मग?

तरीही चालतं. फेटचं नवं सिम्युलेशन म्हणजे एकच फाईल असते. सिम्युलेशनच्या पानावर डाउनलोडचं बटण आहे. खानापुरात किंवा बेळगावात गेलात, जिथे रेंज चांगली आहे, तिथे पाच-सहा सिम्युलेशन उतरवून घ्या. एकेक फाईल थोड्याच एमबीची असते. नंतर ती नेटशिवाय ब्राउझरमध्ये उघडते. एका मोबाईलवर उतरवली की ब्लूटूथने किंवा मेमरी कार्डने वर्गातल्या बाकीच्यांना देता येते, परवान्याची अडचण नाही. फाईल उघडताना मोबाईल कशात उघडायची ते विचारतो, तिथे क्रोम निवडा. काही फोनमध्ये फाईल मॅनेजर स्वतःच ती उघडायला जातो आणि पांढरा पडदा दिसतो. फाईल बिघडली असं समजून टाकून देऊ नका.

फेटमधली काही जुनी सिम्युलेशन जावा किंवा फ्लॅशवर लिहिलेली आहेत, ती मोबाईलवर चालत नाहीत. एचटीएमएल फाईव्ह असं लिहिलेलीच घ्या. ओलॅब्सला मात्र बहुतेक वेळा नेट लागतं, त्यामुळे तिचं काम शाळेत उरकून घेतलेलं बरं.

मुलाने नेमकं काय करायचं? नुसती बटणं दाबत बसतो.

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून याचं उत्तर लांब आहे.

नियम एकच : आधी अंदाज लिहायचा, मग बटण दाबायचं. अंदाज तोंडी नको, वहीत, आणि पेनाने. पेन्सिलीने लिहिला की उत्तर दिसल्यावर खोडरबर बाहेर निघतो.

एक उदाहरण जवळून बघू. फेटमध्ये एक बॅटरी घ्या, दोन बल्ब एकसर जोडा. पहिल्या बल्बच्या आधी एक अ‍ॅमीटर, दोन बल्बांच्या मध्ये दुसरा आणि दुसऱ्या बल्बच्या नंतर तिसरा. स्विच बंद करण्याआधी, म्हणजे सर्किट पूर्ण करण्याआधी, मुलाला विचारा : तिन्ही अ‍ॅमीटरांत काय दिसेल? बहुतेक मुलं सांगतात की पहिल्यात जास्त, मधल्यात कमी, तिसऱ्यात अगदी थोडं. कारण विचारलं तर म्हणतात, पहिल्या बल्बने करंट खाल्ला ना. हे उत्तर दहावीतल्या हुशार मुलाकडूनही येतं, आणि ओहमच्या नियमावरची गणितं बिनचूक सोडवणाऱ्या मुलाकडूनही येतं. गणित सुटतं म्हणून चित्र डोक्यात बरोबर आहे असं समजू नये.

आता स्विच दाबा. तिन्ही अ‍ॅमीटर ०.४५ दाखवतात. वर्ग गप्प होतो, मग एकदम गलका होतो. या गलक्यासाठीच हे सगळं करायचं. इथे शिक्षकाने लगेच उत्तर सांगून टाकू नये. पुढचा प्रश्न मुलंच विचारतात : करंट तेवढाच राहिला तर बल्ब पेटला कशावर? मग व्होल्टमीटर हातात द्या. बॅटरीच्या दोन टोकांत ९, पहिल्या बल्बच्या दोन टोकांत ४.५, दुसऱ्याच्याही ४.५. विद्युतधारा तेवढीच वाहते, खर्च होते ती ऊर्जा. हे वाक्य पुस्तकात आहेच, पण मुलाच्या डोक्यात ते असं शिरतं.

यानंतर एक बल्ब काढून टाका. दोन्ही विझतात. गणपतीत मंडपाला लावलेल्या जुन्या बारीक बल्बांच्या माळेतला एक बल्ब गेला की अख्खी ओळ का विझायची, हे मुलं आपोआप बोलून दाखवतात. मग त्यांनाच सांगा : घरातले दिवे कसे जोडले असतील ते करून दाखवा. समांतर जोडणी शिकवावी लागत नाही, ती त्यांच्या हातून होते.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा दुसरा नियम. लांबीही बदलली, वस्तुमानही बदललं, तर काय कशामुळे झालं ते कळायला मार्ग राहत नाही.

शाळेत एकच लॅपटॉप आणि एक प्रोजेक्टर. वर्गात पन्नास मुलं. जमेल का?

जमतं, आणि काही वेळा जास्त चांगलं जमतं. लॅपटॉपवर सर किंवा टीचर नकोत, मागच्या बाकावरचं मूल बसवा. बाकीच्यांनी अंदाज लिहायचे, हात वर करून मतं मोजायची, ती फळ्यावर मांडायची आणि मगच बटण दाबायचं. दोन गट पडले की एकमेकांना पटवून द्यायला पाच मिनिटं द्या. प्रोजेक्टर नसेल तर स्मार्ट टीव्हीला केबल लावली तरी भागतं.

सगळं पडद्यावर बरोबर येतं. मग खरा लंबक कशाला टांगायचा?

नेमकं याच कारणासाठी टांगायचा.

आधी पडद्यावरचा लंबक बघू. लांबी १ मीटर ठेवा, पृथ्वीचं गुरुत्व निवडा. आवर्तकाल २ सेकंदांच्या अगदी जवळ येतो. लांबी चौथा हिस्सा केली, म्हणजे २५ सेंटिमीटर, तर आवर्तकाल निम्मा होऊन १ सेकंद. गोळ्याचं वस्तुमान कितीही बदला, काही फरक पडत नाही. कोन १० अंशांवरून ६० अंशांवर नेला तर मात्र आवर्तकाल सुमारे ७ टक्के वाढतो. पुस्तकात ‘कोन लहान ठेवा’ असं का लिहिलेलं असतं, ते इथे डोळ्यांना दिसतं. आता गुरुत्व चंद्राचं करा. तोच १ मीटरचा लंबक एका आवर्तनाला जवळजवळ ४.९ सेकंद घेतो.

पंचमीला आंब्याच्या उंच फांदीला बांधलेला झोका सगळ्यांनी खेळलेला आहे. दोरी ६ मीटर धरली तर त्याचा आवर्तकालही ४.९ सेकंदांच्या आसपास भरतो. चंद्राचं गुरुत्व आपल्या सुमारे एक षष्ठांश, आणि झोक्याची दोरी लंबकाच्या सहापट. मुलांना हे हिशोब करून शोधू द्या. त्या संथ झोक्यावर बसलेल्या मुलीला चंद्रावरचा मीटरभर लंबक किती सावकाश हलेल ते कुणी वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

आता खरा लंबक. दोरा, बोल्ट किंवा लोखंडी नट, मोजपट्टी आणि मोबाईलचं स्टॉपवॉच. पुस्तकात g, म्हणजे गुरुत्व त्वरण, ९.८ दिलेला आहे, सिम्युलेशनमध्ये ९.८१. बेळगावचं अक्षांश १६ अंशांच्या थोडं अलीकडे आणि उंची समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर. या दोन्हींमुळे इथला g ९.७८ च्या आसपास येतो. म्हणजे आपला लंबक पडद्यावरच्यापेक्षा किंचित हळू हलायला हवा. किती? १ मीटरच्या लंबकाच्या २० आवर्तनांना मिळून सुमारे ०.०६ सेकंद. आणि स्टॉपवॉच दाबणाऱ्या बोटाची चूक याच्या कितीतरी पट असते. म्हणजे हा फरक आपल्या मोजणीत दिसणारच नाही. मग कुणी ९.५ काढलं, कुणी १०.१ काढलं, तर तो फरक कुठून आला? दोऱ्याची लांबी नटाच्या वरच्या कडेपर्यंत मोजली की मध्यापर्यंत? आवर्तन मोजताना ‘एक’ कुठे म्हटलं, सोडतानाच की परत आल्यावर? लंबक सरळ हलत होता की गोल फिरत होता? भौतिकशास्त्र करायचं म्हणजे या प्रश्नांशी झुंजायचं. सिम्युलेशनमध्ये दोरा ताणला जात नाही, फांदी हलत नाही, बोट उशिरा पडत नाही. म्हणून नियम दिसायला पडदा चांगला, आणि मोजायला शिकायचं तर दोरा हवा.

म्हणजे व्हर्च्युअल लॅब खऱ्या प्रयोगशाळेची जागा घेऊ शकत नाही?

सगळीकडे नाही. पण ‘खरं ते चांगलं आणि पडद्यावरचं ते दुय्यम’ असंही सरसकट म्हणता येत नाही. २००५ मध्ये कोलोरॅडोतल्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांपैकी काहींनी खऱ्या बॅटऱ्या-वायरी वापरल्या आणि काहींनी फेटचं सर्किट किट. नंतर दोघांना खरं सर्किट जोडायला दिलं आणि ते कसं चालतं ते लिहायला सांगितलं. पडद्यावर शिकलेली मुलं दोन्हींत सरस ठरली. कारण समजण्यासारखं आहे. खऱ्या सर्किटमध्ये बल्ब पेटला नाही तर सेल संपला, वायर सैल आहे, की जोडणीच चुकली, हे नवख्या मुलाला कळत नाही. त्याचा अर्धा तास वायर घासण्यातच जातो. पडद्यावर जोडणी चुकली असेल तरच बल्ब पेटत नाही, म्हणून मूल जोडणीवरच विचार करतं. वाहणारे इलेक्ट्रॉनही दिसतात, जे कुठल्याही खऱ्या टेबलावर दिसणार नाहीत.

उलट बाजूने, व्हर्नियर कॅलिपर आणि स्क्रू गेज हातातच घ्यावा लागतो. स्क्रू किती आवळायचा, नोंद कुठून वाचायची, हे बोटांना कळायला हवं. भिंगाच्या प्रयोगात पिनांमधला पॅरलॅक्स (डोकं हलवलं की पिना एकमेकींपासून सरकल्यासारख्या दिसणं) काढताना डोकं डावी-उजवीकडे हलवून बघायचं असतं, ते पडद्यासमोर शिकता येत नाही. पीयूसीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षक नेमकं हेच बघतात.

पडद्यावर इलेक्ट्रॉन पळताना दिसतात. खरंच एवढे जोरात पळतात?

नाही. घरातल्या तांब्याच्या वायरीत एकेक इलेक्ट्रॉन सरासरी सेकंदाला मिलिमीटरच्याही लहान अंशाने पुढे सरकतो. स्विच दाबताच दिवा लागतो, कारण वायरभर इलेक्ट्रॉन आधीपासून असतात आणि ते सगळे जवळजवळ एकाच वेळी सरकू लागतात. पडद्यावरचा वेग बघणाऱ्यासाठी वाढवलेला असतो. इलेक्ट्रॉन जातात त्याच्या उलट दिशेने विद्युतधारा मानतात. फेटमध्ये दोन्ही दाखवायची सोय आहे, ती बदलून बघा.

अशा ठिकाणी मुलांना सांगायला हवं की सिम्युलेशन हे निसर्गाचं सोपं करून काढलेलं चित्र आहे. त्यातलं काय मुद्दाम सोपं केलंय, हे ओळखणं हा एक चांगला गृहपाठ होतो. साध्या मांडणीत बल्बचा रोध कायम धरलेला असतो. खऱ्या बल्बची तार तापते आणि तिचा रोध थंड असतानाच्या जवळपास दहापट होतो, त्यामुळे त्याचा आलेख सरळ रेषेत येत नाही. खऱ्या सेलला आतला रोध असतो, म्हणून भार टाकला की व्होल्टेज थोडं खाली येतं.

काचेच्या ठोकळ्याचा प्रयोग पडद्यावर करून काय जास्त मिळतं?

नोंदी भराभर मिळतात, एवढंच. पण ते ‘एवढंच’ कामाचं आहे. आपाती कोन ३० अंश ठेवला तर काचेतला कोन १९.५ येतो, ६० ठेवला तर ३५.३. मुलं आधी कोनांचा भागाकार करतात : एकदा १.५४, एकदा १.७०, जुळत नाही. मग साईनचा भागाकार करायला सांगा. दोन्हीकडे १.५. स्नेलचा नियम सांगून टाकण्यापेक्षा हे दहा मिनिटं जास्त घेतं, आणि ती दहा मिनिटं द्यावीत.

भिंगाचं काय करायचं? आमच्या शाळेत ऑप्टिकल बेंच नाही.

बेंच नको. साधं भिंग घ्या, खोलीत खिडकीसमोरच्या भिंतीशी उभे राहा आणि भिंग पुढे-मागे करा. एका जागी खिडकीबाहेरच्या झाडाचं उलटं चित्र भिंतीवर स्पष्ट उमटतं. झाड पुरेसं लांब असेल तर भिंगापासून भिंतीपर्यंतचं अंतर म्हणजेच नाभीय अंतर, फार थोड्या फरकाने.

आता पुठ्ठ्याने भिंगाचा वरचा अर्धा भाग झाका. झाकण्याआधी अंदाज लिहून घ्या. ‘अर्धं झाड दिसेल’ असं बहुतेक सगळे लिहितात. झाड पूर्ण दिसतं, फक्त अंधुक होतं. का? त्यासाठी फेटचं प्रकाशाचं सिम्युलेशन उघडा आणि वस्तूच्या एका टोकातून निघणारे सगळे किरण बघा. ते भिंगाच्या प्रत्येक भागातून जाऊन एकाच बिंदूवर येतात. निम्मे किरण अडवले तरी उरलेले तिथेच पोचतात. पुस्तकातल्या आकृतीत दोनच किरण काढलेले असतात, म्हणून मुलांना वाटतं भिंगातून दोनच किरण जातात.

इथे खरा प्रयोग आधी आणि पडदा नंतर, हा क्रम लक्षात ठेवा. प्रत्येक धड्याला एकच क्रम चालत नाही.

घरी खऱ्या वायरी जोडून बघू का?

दीड व्होल्टचे टॉर्चचे सेल, टॉर्चचा बल्ब, थोडी वायर, एवढ्यावर जे करायचं ते जरूर करा. घरातल्या प्लगला, बोर्डाला, शेतातल्या मोटरीच्या स्टार्टरला हात लावायचा नाही. पडद्यावर शॉर्ट सर्किट केलं की बॅटरीला ज्वाळा दिसतात आणि बटण दाबून सगळं पूर्ववत होतं. २३० व्होल्टवर ‘पूर्ववत’चं बटण नाही. पालकांनी आणि शिक्षकांनी हे पहिल्याच दिवशी सांगावं, प्रयोग रंगात आल्यावर नव्हे. मोबाईलची किंवा इन्व्हर्टरची बॅटरीही वापरू नका. सेलची दोन्ही टोकं वायरीने सरळ जोडली तर वायर चटका बसण्याइतकी तापते, तेही टाळा.

ऊर्जेच्या धड्याला आपल्याकडचं काही उदाहरण?

गोकाकचा धबधबा. घटप्रभा तिथे सुमारे ५२ मीटर खाली पडते. आधी फेटचं स्केटपार्क उघडा. स्केटिंग करणाऱ्याला वेगवेगळ्या उंचीवरून सोडा, स्थितिज आणि गतिज ऊर्जेचे दोन खांब कसे एकमेकांत ओतले जातात ते बघा. वस्तुमान बदला. वेग बदलत नाही. उंची चौपट करा. वेग दुप्पट होतो. मग घर्षण चालू करा आणि तिसरा, उष्णतेचा खांब वाढताना बघा.

आता गोकाक वहीत आणा. हवेचा अडथळा नाही असं धरलं तर तळाशी पाण्याचा वेग २gh च्या वर्गमुळाइतका, म्हणजे सेकंदाला जवळपास ३२ मीटर, ताशी सुमारे ११५ किलोमीटर. प्रत्यक्षात पाण्याचे तुषार होतात, हवा अडवते, वेग कमी राहतो. ती ऊर्जा गेली कुठे? सगळी उष्णतेत गेली असं धरा आणि पाण्याची विशिष्ट उष्णता वापरून तापमान किती वाढेल ते काढा. उत्तर ०.१२ अंश सेल्सिअस येतं. एवढ्या गर्जना करणाऱ्या धबधब्यातून एक दशांश अंशाच्या आसपास! चहाचं आधण ठेवायला किती ऊर्जा लागते, हे मुलांना त्या दिवशी समजतं. श्रावणात शाळेची सहल तिकडे जाणार असेल तर हा हिशोब जायच्या आधी करून घ्या.

एसएसएलसीला (दहावीच्या बोर्ड परीक्षेला) याचा काही उपयोग? गुण मिळतात का?

थेट नाही. एसएसएलसीला विज्ञानाची लेखी परीक्षा ८० गुणांची आणि अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचं. अंतर्गत कामात प्रकल्प म्हणून सिम्युलेशनवरची नोंद, आलेख आणि निष्कर्ष देता येतात, शाळेतल्या शिक्षकांशी बोलून घ्या. लेखी परीक्षेत आकृत्या आणि ‘कारण द्या’ अशा प्रश्नांना फायदा होतो. दुसऱ्या पीयूसीला भौतिकशास्त्राची लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३० गुणांची. त्या ३० गुणांसाठी मीटर ब्रिज (अज्ञात रोध मोजायचं उपकरण) वगैरेची जोडणी आधी ओलॅब्सवर करून गेलेलं मूल प्रयोगशाळेत गोंधळत नाही.

रेकॉर्डमध्ये पडद्यावरची रीडिंग लिहून दिली तर चालेल?

नाही. पडद्यावर घेतलेली असेल तर तसं स्पष्ट लिहा. खऱ्या प्रयोगाच्या रकान्यात ती भरणं म्हणजे खोटी नोंद करणं. शिवाय ती ओळखू येते : आलेख अगदी सरळ, एकही बिंदू इकडे-तिकडे नाही. आपल्या हाताने घेतलेली वेडीवाकडी रीडिंग लिहा आणि ती तशी का आली ते खाली दोन ओळींत सांगा. चांगला शिक्षक त्या दोन ओळींना गुण देतो.

मोबाईल हातात दिला की पोरगं रील बघत बसतं. आम्ही काय करावं?

काळजी रास्त आहे. सिम्युलेशन उतरवून घ्या आणि अभ्यासाच्या वेळी नेट बंद ठेवा. वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. मोबाईलच्या शेजारी वही उघडी हवी. शेवटी मुलाला एकच विचारा : तुझा कुठला अंदाज चुकला? तुम्हाला भौतिकशास्त्र आलं पाहिजे असं काही नाही. मुलगा सांगू लागला की अभ्यास झालाय, ‘सगळे बरोबर आले’ म्हणाला की वही बघा. भावंडांत एकच फोन असेल तर धाकट्याला शेजारी बसवा, अंदाज त्यालाही लिहू द्या. आणि घरात एकच फोन असताना तो फक्त मुलाच्याच हातात जात असेल, मुलीच्या नाही, तर तिचीही वेळ ठरवून द्या.

मोबाईलनेच खरा प्रयोग करता येतो असं ऐकलं. खरं का?

खरं आहे. फोनमध्ये त्वरण मोजणारा सेन्सर, मायक्रोफोन, चुंबकत्व मोजणारा सेन्सर आधीच असतात. जर्मनीतल्या आखेनच्या तांत्रिक विद्यापीठाने फायफॉक्स (phyphox) नावाचं मोफत अ‍ॅप बनवलं आहे. ते या सेन्सरांच्या नोंदी आकड्यांत आणि आलेखात दाखवतं आणि बहुतेक कामांना नेट लागत नाही. स्वस्त फोनात एखादा सेन्सर नसतो, ते अ‍ॅप स्वतः सांगतं.

सुरुवातीला ध्वनीचा वेग मोजा. दोन फोनांवर अ‍ॅपमधलं आवाजावर चालणारं स्टॉपवॉच उघडा. शाळेच्या मैदानावर १० मीटर मोजून दोन टोकांना एकेक फोन जमिनीवर ठेवा, प्रत्येकाशी एक मूल. पहिल्याने आपल्या फोनजवळ जोरात टाळी वाजवायची. त्याचं घड्याळ लगेच सुरू होतं, दुसऱ्याचं आवाज पोचल्यावर. थोडं थांबून दुसऱ्याने टाळी वाजवायची. आता दुसऱ्याचं घड्याळ लगेच थांबतं, पहिल्याचं उशिरा. दोन्ही घड्याळांतल्या वेळेची वजाबाकी करा. तेवढ्या वेळात ध्वनी जाऊन-येऊन २० मीटर गेला. वजाबाकी ०.०५८ सेकंदांच्या जवळ यायला हवी. २० ला तिने भागलं की सेकंदाला ३४५ मीटरच्या आसपास उत्तर येतं. हवा जितकी गरम तितका वेग थोडा जास्त, म्हणून सकाळी आणि दुपारी असं दोनदा करून बघा. आकडा फारच वेगळा आला तर बहुधा मध्येच दुसऱ्या कुठल्या आवाजाने घड्याळ चालू झालेलं असतं. अ‍ॅपमधली आवाजाची मर्यादा थोडी वाढवा आणि सुट्टीची घंटा होण्याआधी पुन्हा मोजा.